छतावर बसलेला माणूस

पॅरिसच्या प्रतिनिधिगृहात १८३३ च्या अखेरीस एक नवा सभासद दाखल झाला. वय त्रेचाळीस, अंगकाठी उंच आणि शिडशिडीत, कवी म्हणून नाव घरोघरी पोहोचलेले, आणि पूर्वी इटलीतल्या फ्रेंच वकिलातींत नोकरी केलेला. तुम्ही डावीकडे बसणार की उजवीकडे, असे त्याला कुणीतरी विचारले. तो म्हणाला, छतावर.

हे उत्तर पुढे इतक्या वेळा सांगितले गेले की त्याला दंतकथेचा रंग चढला. पण अल्फाँस द लामार्तीन या माणसाचे सगळे राजकारण त्या एका शब्दात येते. राजकारणातले 'डावे' आणि 'उजवे' हे शब्दच मुळी १७८९ सालच्या फ्रेंच सभागृहातल्या बाकांवरून निघाले. त्या देशात उभे राहून दोन्ही बाकांच्या वर बसतो म्हणणे ही काही लहानसहान ऐट नव्हे. पंधरा वर्षांनी, १८४८ च्या फेब्रुवारीत, सारे फ्रान्स मान वर करून त्या छताकडे पाहू लागले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे कुणी बसले आहे याची लोकांना आठवणही राहिली नाही.

लामार्तीनचा जन्म २१ ऑक्टोबर १७९० चा, बर्गंडीतल्या माकाँ गावचा. घराणे सरदारी, पण धाकट्या पातीचे. थोडे द्राक्षमळे, थोडी जमीन आणि राजनिष्ठा मात्र भरपूर. क्रांतीतल्या दहशतीच्या दिवसांत वडिलांना तुरुंगाची हवा खावी लागली होती. नेपोलियनची चाकरी घराण्याला मान्य नव्हती, त्यामुळे हा मुलगा ऐन विशीत मळ्यातून भटकत, कविता जुळवत आणि जुगारात कर्ज करत बसला. १८१४ मध्ये बूर्बाँ राजे परतले तेव्हा काही काळ तो राजाच्या अंगरक्षक दलात होता. १८१६ मध्ये एक्स-ले-बँ इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृती सुधारायला गेला, तिथे त्याला ज्युली शार्ल भेटली. तिचा नवरा जाक शार्ल हा मोठा पदार्थवैज्ञानिक. आपण शाळेत घोकलेला वायूंचा 'चार्ल्सचा नियम' याच्याच नावाचा. ज्युली पुढच्याच वर्षी क्षयाने गेली. तिच्या आठवणींतून आलेल्या चोवीस कवितांचे छोटे पुस्तक मार्च १८२० मध्ये निघाले आणि लामार्तीनचे नाव पॅरिसभर झाले.

परराष्ट्र खात्यात नोकरी मिळावी म्हणून तो काही वर्षे खेटे घालत होता. ज्युलीच्या दिवाणखान्यातल्या ओळखी कामी आल्या, पण दार खरे उघडले ते पुस्तकाने. वृद्ध तालेराँने, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत मुरब्बी मुत्सद्द्याने, अर्धी रात्र जागून ते वाचले असे सांगतात. लेखणीच्या जोरावर सरकारी चाकरी लागलेला हा काही पहिला माणूस नव्हे. लेखक शातोब्रियाँ त्याच्या आधी त्याच वाटेने गेला होता. त्याच उन्हाळ्यात लामार्तीनने एलिझा बर्च या इंग्रज मुलीशी लग्न केले आणि नवी नवरी घेऊन तो नेपल्सच्या वकिलातीत रुजू झाला.

पोहोचतो तोच तिथे बंड. जुलै १८२० मध्ये कार्बोनारी या गुप्त मंडळींनी आणि लष्करातल्या अधिकाऱ्यांनी मिळून नेपल्सच्या राजाला राज्यघटना मान्य करायला लावली. सिंहासन हे लाकडाचेच असते आणि ते आठवड्याभरात हलते, हा धडा त्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मिळाला.

त्याच्या वकिलातीतल्या दिवसांची खरी गोष्ट मात्र फ्लॉरेन्सची. १८२५ मध्ये तो तिथे चिटणीस म्हणून गेला आणि वरिष्ठ नसताना वकिलातीचा कारभारही त्यानेच पाहिला. पण तिथे पाऊल टाकण्याआधीच त्याच्या कवितेने घोळ घालून ठेवला होता. बायरनच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या एका दीर्घकाव्यात त्याने इटलीला मेलेल्यांचा देश म्हटले होते. आता त्याच देशात राजनैतिक अधिकारी म्हणून राहायचे! गाब्रिएले पेपे या नेपल्सच्या निर्वासित कर्नलने त्याचा छापील समाचार घेतला आणि प्रकरण द्वंद्वावर गेले. फेब्रुवारी १८२६ मध्ये तलवारी निघाल्या, लामार्तीनच्या दंडाला जखम झाली. त्यानंतर त्याने जे केले त्यात मुत्सद्दी दिसतो. द्वंद्वाबद्दल पेपेला हद्दपारी भोगावी लागू नये म्हणून हाच जखमी हात गळ्यात बांधून त्याची रदबदली करत फिरला. कालपर्यंत शिव्या देणारे फ्लॉरेन्स त्याच्यावर खूश झाले. कवीने केलेली खोडी वकिलाने निस्तरली. पुढे आयुष्यभर या दोघांची अशीच जोडी चालायची होती, फक्त प्रत्येक वेळी निस्तरणे जमणार नव्हते.

१८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. बूर्बाँ गेले आणि त्यांचाच भाऊबंद लुई-फिलिप गादीवर आला. लामार्तीनने खात्याचा राजीनामा दिला. जुन्या धन्याचे मीठ खाल्ले होते, एवढेच एक कारण मला पटत नाही. त्याला आता वकील म्हणून दुसऱ्याचे निरोप पोहोचवायचे नव्हते, स्वतःचे म्हणणे मांडायचे होते. १८३१ च्या निवडणुकीत तो पडला. मग बायको आणि दहा वर्षांची मुलगी जुलिया यांना घेऊन, स्वतःच्या खर्चाने भाड्याने घेतलेल्या जहाजातून तो पूर्वेकडे निघाला. ग्रीस, लेबनॉन, जेरुसलेम. ७ डिसेंबर १८३२ ला जुलिया बैरूतमध्ये मरण पावली. त्या दुःखात असतानाच, १८३३ च्या आरंभी, बेर्ग या उत्तरेकडच्या मतदारसंघाने त्याला गैरहजेरीतच निवडून दिले. तिकडे त्याची एक बहीण नांदत होती, तिच्या सासरच्यांनी खटपट केली होती. मुलीला गमावून आलेला बाप असा सभागृहात शिरला.

पुढची दहा वर्षे तो कुठल्याच गटाचा नव्हता. गुलामगिरी बंद करा, फाशी बंद करा, रेल्वे खासगी कंपन्यांच्या हाती देऊ नका, अनाथ पोरांची सोय करा, अशा विषयांवर तो बोले आणि गॅलरी भरून जाई. मते मात्र फारशी मिळत नसत. या भाषणांतले एक मला विशेष वाटते. मे १८४० मध्ये सरकारने नेपोलियनचे अवशेष सेंट हेलेनाहून आणून पॅरिसमध्ये वाजतगाजत पुरायचे ठरवले. सगळे सभागृह गहिवरलेले. लामार्तीन उठला आणि म्हणाला, तलवारीची ही पूजा मला पसंत नाही. स्वातंत्र्याच्या जागी बळाचा देव बसवू नका. कुणी ऐकले नाही. डिसेंबरात अवशेष आले, गर्दी लोटली. त्या सोहळ्याचा लाभ आठ वर्षांत नेपोलियनच्या पुतण्याला, लुई नेपोलियनला झाला, आणि तोटा झाला तो नेमका लामार्तीनला.

१८४० नंतर गिझोच्या मंत्रिमंडळाने देश असा काही गोठवून ठेवला की छतावर बसणाऱ्यालाही खाली पाहावेसे वाटू लागले. साडेतीन कोटींच्या देशात मत द्यायचा हक्क अडीच लाखांच्या आसपास करदात्यांना. हक्क वाढवा म्हटले की सरकारची बाजू घेणारे सांगत, श्रीमंत व्हा म्हणजे मत मिळेल. १८४३ मध्ये लामार्तीन उघड विरोधात गेला. १८४७ मध्ये त्याने जिराँदीं या क्रांतिकाळातल्या मवाळ गटाचा आठ खंडांचा इतिहास काढला आणि तो कादंबरीसारखा खपला. इतिहासाचे पुस्तक म्हणून त्यात चुकांचा सुकाळ आहे. पण पन्नास वर्षे 'प्रजासत्ताक' या शब्दाला चिकटून बसलेला गिलोटिनचा वास त्याने घालवला, हे काम इतिहासकाराला जमले नसते. त्या जुलैत माकाँमध्ये त्याचा सत्कार झाला. वादळी पाऊस कोसळत असताना त्याने हजारो श्रोत्यांना सांगितले की हे राज्य पडेल, आणि या खेपेची क्रांती तिरस्कारातून होईल.

सात महिन्यांत ती झाली.

२२ फेब्रुवारी १८४८ ला विरोधकांची एक मेजवानी सरकारने बंद पाडली. सभांना बंदी असल्यामुळे त्या काळी जेवणावळीच्या नावाखाली सभा घेत. दुसऱ्या दिवशी राजाने गिझोला काढले, लोकांनी खिडक्यांत दिवे लावले, सगळे मिटल्यासारखे वाटले. रात्री कापुसीन रस्त्यावर जमाव आणि सैनिक समोरासमोर आले, गोळी सुटली आणि पन्नासच्या आसपास माणसे पडली. जागा होती परराष्ट्र खात्याच्या कचेरीच्या दारासमोर. प्रेते गाडीत घालून मशालींच्या उजेडात शहरभर फिरवली गेली. पहाटेपर्यंत पॅरिसमध्ये जागोजाग अडथळे उभे राहिले आणि २४ तारखेला दुपारी लुई-फिलिपने नऊ वर्षांच्या नातवाच्या नावे गादी सोडून पळ काढला.

त्या मुलाची आई, ऑर्लेआँची डचेस, दोन्ही पोरांना हाताशी धरून प्रतिनिधिगृहात आली. काळ्या वस्त्रातली विधवा, पुढ्यात अल्पवयीन राजा. पालकराज्य मान्य करा एवढीच मागणी. आपल्याकडेही अशा प्रसंगांना इतिहासात तोटा नाही. लामार्तीन व्यासपीठावर चढला तेव्हा बहुतेकांची खात्री होती की हा जुना राजनिष्ठ, हळवा कवी आता बाईच्या बाजूने बोलणार. सुरुवात त्याने तशीच केली, तिच्या दुःखाला नमस्कार करून. आणि पुढच्या वाक्यांत पालकराज्य निकालात काढून हंगामी सरकारची मागणी केली. सकाळीच काही प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला सभागृहातल्या एका खोलीत गाठले होते. तिथे दोन्ही हातांत डोके धरून काही मिनिटे विचार केला आणि निर्णय घेतला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. (१८४८ च्या क्रांतीचा इतिहास लिहिताना तो स्वतःचा उल्लेख 'लामार्तीन' असा तृतीयपुरुषी करतो, हेही नोंदवण्यासारखे.)

नावे वाचली गेली. ऐंशी वर्षांचा दुपाँ द लर नावापुरता अध्यक्ष, आणि परराष्ट्रमंत्री लामार्तीन. शेवटी अकरा जणांचे सरकार झाले. त्यात खगोलशास्त्रज्ञ आरागो, जहाल लेद्रू-रोलँ, समाजवादी लुई ब्लां आणि आल्बेर नावाचा एक खराखुरा कामगार. कुणाचे कुणाशी पटत नव्हते. सगळ्यांशी थोडेथोडे पटणारा एकच होता. त्याच्या कचेरीचा प्रमुख झाला हेत्झेल नावाचा प्रकाशक. पुढे याच हेत्झेलने ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या छापल्या, ज्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या.

२५ फेब्रुवारीला नगरभवनासमोर सशस्त्र कामगारांचा समुद्र उसळला. मागणी अशी की तिरंगा उतरवा आणि लाल झेंडा चढवा. तिरंगा लुई-फिलिपनेही वापरला होता, तो बाटला. आत मंत्री कोंडलेले, जिन्यात बंदुका. लामार्तीन बाहेर येऊन एका खुर्चीवर उभा राहिला.

त्याचा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. लाल झेंडा त्या काळी नुकता कुठे कामगारांचा होऊ लागला होता. १७९१ मध्ये तो सरकारचा होता. लष्करी कायदा पुकारला की लाल झेंडा फडकवत. त्या जुलैत शां-द-मार्सच्या मैदानावर तो फडकवून राष्ट्ररक्षक दलाने जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. लामार्तीनने ही आठवण उकरून काढली. तुमच्या लाल झेंड्याने एका मैदानाला फेरा मारला, तोही लोकांच्या रक्तातून, आणि तिरंग्याने जगाला फेरा मारला, अशा अर्थाचे त्याचे वाक्य प्रत्येक फ्रेंच शाळकरी पोराला ठाऊक असते. पण त्याच्या पाठीमागून आलेला मुद्दा कमी सांगितला जातो. परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने जमावाला समजावले की तिरंगा काढलात तर परदेशातली फ्रान्सची निम्मी ताकद जाईल, कारण युरोप स्वतःच्या पराभवांवरून ओळखतो तो हाच झेंडा. बंदुका रोखलेल्या गर्दीला वकिलातीतला हिशेब सांगून परत पाठवणारा दुसरा माणूस मला इतिहासात आठवत नाही. तिरंगा राहिला. लाल मंडळींची समजूत म्हणून झेंड्याच्या काठीवर एक लाल फीत बांधायचे ठरले. सापही मरावा आणि काठीही तुटू नये, असा तो तोडगा.

पुढच्या काही आठवड्यांत या सरकारने केलेली कामे पाहिली तर छाती दडपते. राजकीय गुन्ह्यांसाठी फाशी रद्द. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, म्हणजे मतदार अडीच लाखांवरून एकदम ९० लाखांच्या वर. २७ एप्रिलला वसाहतींतली गुलामगिरी बंद, सुमारे अडीच लाख माणसे मोकळी. हा हुकूम घडवला व्हिक्टर शेल्शेरने, सही करणाऱ्यांत लामार्तीन होता आणि सभागृहात ती मागणी तो वर्षानुवर्षे करत आला होता. वसाहतींना पॅरिसच्या सभेत जागा देताना पाँडिचेरी आणि भारतातल्या इतर फ्रेंच ठाण्यांनाही एक प्रतिनिधी मिळाला.

परराष्ट्र खात्यात तर तो माहेरी आल्यासारखा वावरला. फ्रान्समध्ये प्रजासत्ताक म्हटले की युरोपातल्या राजांना १७९२ ची युद्धे आठवत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने आपल्या सर्व वकिलांना एक खलिता पाठवला आणि तो छापूनही टाकला. नेपोलियनच्या पराभवानंतरचे १८१५ चे तह फ्रान्सला हक्क म्हणून मान्य नाहीत, असे त्यात ठणकावले होते. पॅरिसच्या रस्त्यांवर टाळ्या पडल्या. त्याच खलित्यात पुढे होते की त्या तहांनी आखलेल्या सीमा वस्तुस्थिती म्हणून आम्ही धरून चालतो आणि आम्हाला युद्ध नको. लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने पहिले वाक्य सोडून दिले, दुसरे वाचले आणि निर्धास्त झाला. एप्रिलमध्ये आयर्लंडचे पुढारी इंग्रजांविरुद्ध मदत मागायला आले, त्यांना त्याने गोड शब्दांत रिकाम्या हाताने परत पाठवले. पोलंडवाल्यांचीही तीच गत. आयरिश आणि पोलिश वाचक त्याला आजही माफ करणार नाहीत. पण त्या वर्षी बर्लिन, व्हिएन्ना, मिलान सगळे पेटले असताना फ्रान्स युद्धात पडला नाही, हे त्याचे काम.

२३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, निवडणूक झाली. शेकडा चौऱ्याऐंशी लोकांनी मत दिले. लामार्तीन दहा जिल्ह्यांतून निवडून आला, एकूण मते १६ लाखांच्या घरात. पॅरिसमध्ये तो पहिला होता. गावचा शेतकरी, पाद्री, दुकानदार, सगळ्यांना वाटत होते की हा आपला, कारण याने लाल झेंडा अडवला. कामगारांना वाटत होते की हा आपला, कारण याने प्रजासत्ताक आणले. त्या क्षणी त्याने पुराणमतवाद्यांचा हात धरला असता तर तो सरळ राष्ट्रप्रमुख झाला असता. ते लोक तयारच होते, अट एकच की लेद्रू-रोलँ आणि त्याच्या जहालांना बाहेर काढ.

त्याने नाही म्हटले. १० मे रोजी नव्या सभेने पाच जणांचे कार्यकारी मंडळ निवडले तेव्हा आरागोला ७२५ मते पडली आणि लामार्तीनला ६४३, पाचांत चौथा. शेवटचा लेद्रू-रोलँ, ४५८. ज्याला बरोबर घेण्याचा हट्ट धरला त्याच्या शेजारीच सभेने त्याला नेऊन बसवले. हा हट्ट मूर्खपणाचा होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला तो त्याच्या सबंध कारकिर्दीतला सर्वांत स्वच्छ निर्णय वाटतो. जहालांना हाकलले तर पॅरिसमध्ये रक्त सांडेल हे त्याला दिसत होते. चूक वेगळीच होती. वकिलाला दोन पक्षांना एकाच वाक्यात दोन अर्थ देता येतात, कारण ते दोघे वेगवेगळ्या राजधान्यांत बसलेले असतात. इथे दोघेही एकाच शहरात, एकाच सभेत बसले होते आणि एकमेकांना विचारत होते, हा तुला काय म्हणाला?

त्यात पैशाची ओरड. सरकारने मार्चमध्ये थेट करांवर फ्रँकमागे ४५ सांतीमचा अधिभार लादला होता. खेड्यातल्या शेतकऱ्याला तो नको असलेल्या प्रजासत्ताकाचे बिल वाटला. आणि तो पैसा कुठे जातो तर पॅरिसच्या राष्ट्रीय कार्यशाळांत, जिथे लाखाहून अधिक बेकारांना रोजी देऊन माती इकडची तिकडे करायला लावत होते. जूनच्या २१ तारखेला त्या मोडीत काढायचा हुकूम निघाला. २३ ते २६ जून पूर्व पॅरिसमध्ये कामगारांनी लढाई दिली. लामार्तीन घोड्यावर बसून अडथळ्यांपाशी गेला, पण आता खुर्चीवर चढून बोलायची वेळ निघून गेली होती. सभेने सगळी सत्ता जनरल कावेन्याकच्या हाती दिली, कार्यकारी मंडळाने राजीनामा दिला. हजारो मेले, दहा हजारांहून अधिक पकडले गेले. पॅरिसचा आर्चबिशप शांततेची विनवणी करायला गेला, तोही गोळीला बळी पडला.

ऑक्टोबरात एक शेवटचे मोठे भाषण झाले. राष्ट्राध्यक्ष सभेने निवडावा की थेट लोकांनी? सभेने निवडला तर कावेन्याक ठरलेला. लोकांनी निवडला तर लुई नेपोलियन येण्याची भीती सगळ्यांच्या मनात. १८४० मध्ये ज्याने या घराण्याच्या पूजेविरुद्ध आवाज काढला होता, तोच आता उठून म्हणाला की लोकांना निवडू द्या, काय व्हायचे ते होवो. मताचा हक्क आपणच दिला, आता तो परत कसा घ्यायचा? तत्त्व म्हणून बिनतोड, हिशेब म्हणून घातक. काही इतिहासकार म्हणतात की आपणच निवडून येऊ अशी त्याला मनोमन आशा होती. असेलही. टाळ्या ऐकायची सवय लवकर सुटत नाही.

१० डिसेंबर १८४८. लुई नेपोलियनला ५४ लाखांहून अधिक मते, कावेन्याकला साडेचौदा लाखांच्या आसपास, लेद्रू-रोलँला पावणेचार लाखांच्या जवळ. लामार्तीनला जेमतेम १७-१८ हजार. सभागृहात त्याचा आकडा वाचला गेला तेव्हा लोक हसले असे सांगतात. एप्रिलमध्ये त्याला मत दिलेल्या प्रत्येक शंभर माणसांतला एखादाच उरला होता.

तीन वर्षांनी, २ डिसेंबर १८५१ ला, नेपोलियनच्या पुतण्याने प्रजासत्ताक मोडले आणि लामार्तीनचे राजकारण कायमचे संपले. उरले कर्ज. हात सढळ, मळे तोट्यात, दारी याचकांची रांग, आणि लाखो फ्रँकचे देणे. तो पहाटे उठून लिहायला बसे. तुर्कस्तानचा इतिहास, रशियाचा इतिहास, चरित्रे, आठवणी, जे खपेल ते. १८५६ पासून वर्गणीदारांसाठी त्याने साहित्याची एक मासिकमाला चालवली. तिच्या आरंभीच्याच अंकांत त्याने महाभारत आणि कालिदासाची शकुंतला फ्रेंच वाचकांपुढे ठेवली आहे. संस्कृत त्याला येत नव्हते, भाषांतरांवरून लिहिले. तरी ती पाने वाचताना वाटते की देणेकऱ्यांच्या तगाद्यात हा म्हातारा घटकाभर का होईना सुखात होता. १८६० मध्ये मिली गावातले बालपणीचे घर विकावे लागले. १८६३ मध्ये एलिझा गेली. १८६७ मध्ये सरकारने त्याला पाच लाख फ्रँकच्या रकमेवर तहहयात वर्षासन मंजूर केले. सरकार अर्थात तिसऱ्या नेपोलियनचे. त्याने ते घेतले.

२८ फेब्रुवारी १८६९ ला तो पॅरिसमध्ये वारला. सरकारी इतमामाची अंत्ययात्रा त्याने आधीच नाकारून ठेवली होती. त्याला बर्गंडीत नेऊन सँ-प्वाँ गावातल्या लहानशा थडग्यात पुरले, आई, एलिझा आणि बैरूतहून आणलेली जुलिया यांच्याजवळ.